पोरं इंग्रजी उतारा घडाघडा वाचतात, पण कळतो का?

माळावरची_शाळा

घटक चाचणी झाली की आमच्या स्टाफरूममध्ये दरवेळी एकच ठराव होतो. पोरांना आकलन जमत नाही, तेव्हा उताऱ्यांचा सराव वाढवा. मग झेरॉक्स निघतात, पोरं उतारे सोडवतात, आपण लाल पेनाने तपासतो आणि पुढच्या चाचणीत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. माझं म्हणणं असं की उतारा सोडवायला देणं ही परीक्षा झाली. त्यात शिकवणं कुठेच नाही.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. डोलोरेस डर्किन नावाच्या संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात अमेरिकेत चौथीच्या वर्गांत बसून वाचनाचे तास पाहिले. ४,४६९ मिनिटांच्या निरीक्षणात, वाचलेलं समजून कसं घ्यायचं हे शिकवण्यात गेली २० मिनिटं. बाकी सगळं प्रश्न विचारणं, उत्तरं तपासणं आणि स्वाध्याय. तिकडे ही गत, तर आपली काय कथा!

मी मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवतो. इंदापूर तालुका, उजनीच्या फुगवट्याजवळचं गाव. आपल्याकडे २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे आठवीतल्या पोराची इंग्रजीशी सात वर्षांची ओळख. उभं केलं तर बरीच पोरं अडखळत का होईना पण वाचतात, काही तर घडाघडा. "काय वाचलंस?" म्हटलं की खाली बघतात.

मागे आठवीला मीच लिहिलेला एक छोटा उतारा दिला. देवनागरीत लिहितोय, चालवून घ्या: "दॅट मे, द ओल्ड टेंपल केम आउट ऑफ द वॉटर. ग्रँडफादर टुक मी देअर ऑन फूट. द मड वॉज ड्राय अँड क्रॅक्ड. ही शोड मी व्हेअर हिज स्कूल वन्स स्टूड. ऑन द वे होम वी सॉ अ वॉटर टँकर एंटरिंग अवर व्हिलेज. ग्रँडफादर शुक हिज हेड."

पहिला प्रश्न होता, मला तिथे कोणी नेलं? जवळजवळ सगळ्यांचं बरोबर. शेवटचा होता, ते वर्ष कसं होतं आणि तुम्हाला कशावरून कळलं? त्यावर निम्म्या वर्गाने पहिली ओळ जशीच्या तशी उतरवून काढली, उरलेल्यांनी जागा सोडली.

मग पुस्तकं मिटायला लावली आणि मराठीत विचारलं, "देऊळ पाण्यातनं वर कधी येतं रे?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "सर, धरण मायनसमध्ये गेल्यावर." (बाहेरच्यांसाठी: भीमेवरचं उजनी धरण १९८० चं. पळसदेवचं जुनं देऊळ त्याच्या पाण्यात आहे, पाणी खूप उतरलं की उघडं पडतं. आणि मायनस म्हणजे उपयुक्त साठा संपून मृत साठा लागणं. इथल्या लहान पोरालाही हा शब्द पाठ.) मग काय, वर्गात नुसता कालवा. कोणाची आजी जुन्या गावठाणातली, कोणाचे चुलते मासेमारी करणारे. मी विचारलं, "मग आजोबांनी मान का हलवली?" एक मुलगी म्हणाली, "शाळा बुडाली म्हणून नाही सर. ते तर जुनं झालं. धरणाच्या कडेला राहून टँकरचं पाणी प्यायचं, म्हणून."

चाचणीच्या उताऱ्यात या मुलीला दहापैकी दोन होते. आता तिला आकलन येत नाही असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही. ओळींमधलं न लिहिलेलं तिने बरोबर पकडलं. ते इंग्रजीतून करताना तिचं सगळं बळ शब्द ओळखण्यातच खर्च होतं आणि अर्थासाठी काही उरतच नाही.

तेव्हापासून क्रम बदललाय. वाचायच्या आधी विषयावर पाच-सात मिनिटं गप्पा, मराठीत. ज्यांच्याशिवाय उतारा उघडणारच नाही असे चार-पाच शब्द आधीच फळ्यावर. मग मूकवाचन. मग प्रश्न, आणि प्रत्येक उत्तराला "कोणत्या शब्दावरून म्हणतोस?" हा शेपटीसारखा जोडलेला. पहिलं उत्तर मराठीत आलं तरी चालतं, वहीत मात्र मोडकंतोडकं का होईना इंग्रजीच.

तुम्ही काय करता? शिक्षक, पालक, क्लासवाले सगळ्यांनी लिहा. वाद घातलात तरी चालेल.

—

चिंचगुळ

वाचनखूण साठवली. टँकरचं उत्तर देणाऱ्या मुलीला माझ्यातर्फे शाबासकी.

—

अर्धविराम

सर, लेख छान आहे, पण आता जरा कडू बोलतो. मी दहावीचे क्लास घेतो. इंग्रजीची ८० गुणांची कृतिपत्रिका, म्हणजे बोर्डाची प्रश्नपत्रिका, त्यात पुस्तकातले उतारे २० गुणांचे, बाहेरचा उतारा आणि सारांश मिळून १५. म्हणजे ३५ गुण उताऱ्यांवर. जूनमध्ये माझ्याकडे येणाऱ्या पोराला नऊ महिन्यांत पास करायचं असतं. त्याच्याशी धरणावर गप्पा मारायला वेळ कुठाय?

मी सरळ शिकवतो. आधी प्रश्न वाच. प्रश्नातलं विशेषनाम किंवा मोठा शब्द पकड. उताऱ्यात तो शब्द शोध. ती ओळ उतरव, 'आय'चं 'ही' कर. उताऱ्याखालच्या कृतींपैकी ए-वन, म्हणजे थेट उताऱ्यात सापडणारी माहिती, आणि शब्दसंपत्तीची कृती यातच खिशात पडते. ए-फाइव्हला स्वतःचं मत असतं, त्यासाठी चार ठरलेली वाक्यं पाठ. पोरं पास होतात, पालक पेढे आणून देतात. तुमच्या पद्धतीने किती गुण वाढले ते सांगा, मग बोलू.

—

माळावरची_शाळा

@अर्धविराम, कडू चालतं. पण हे वाचा: "घिंबू सकाळपासून मोघळीत लुचकत होता, कारण त्याची फुरडी खंबली होती."

घिंबू कुठे लुचकत होता? मोघळीत. का लुचकत होता? त्याची फुरडी खंबली होती म्हणून. घ्या, पैकीच्या पैकी गुण. आता फुरडी म्हणजे काय आणि घिंबूचं पुढे काय होईल, ते सांगा.

तुमची युक्ती चालते याबद्दल वादच नाही. दहावीच्या पोराला फेब्रुवारीत मीही तेच सांगतो, उपाशी थोडंच ठेवणार. पण सहावी-सातवीपासून तीच युक्ती आकलन म्हणून शिकवली, तर पोरगं अर्थ शोधायचंच थांबतं. शब्दाला शब्द जुळवत बसतं. ए-टूला जिथे दोन ओळी जोडून निष्कर्ष काढायचा असतो तिथे ते हमखास पडतं, आणि अकरावीला सायन्स घेतलं की विचारूच नका.

—

सिपना_काठ

मी मेळघाटात आश्रमशाळेत शिकवते. धागा वाचून बरं वाटलं आणि थोडा रागही आला, तुमच्यावर नाही सर, परिस्थितीवर. 'आधी मराठीत बोला' हे माझ्या वर्गात अर्धंच लागू पडतं. माझ्या मुलांच्या घरी कोरकू. ती मुंडा गटातली भाषा, मराठीशी तिचं कुळाचं नातं नाही. मराठी त्यांना शाळेत भेटते, आणि ती अजून अंगवळणी पडते न पडते तोच इंग्रजी दारात उभी.

१९८६ मध्ये गफ आणि टन्मर यांनी वाचनाकडे बघायची एक साधी रीत मांडली होती. लिपी उलगडता येणं गुणिले भाषा समजणं, म्हणजे वाचून समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्य. सरांच्या पोरांची पहिली बाजू बरी आहे, दुसरी इंग्रजीत कच्ची. माझ्याकडे दोन्ही कच्च्या. देवनागरीत क म्हणजे कच, एकदा बाराखडी बसली की पोरगं काहीही वाचतं. इंग्रजीत बी-यू-टी बट आणि पी-यू-टी पुट. मुलं मला विचारतात, मॅडम, हे कोणी ठरवलं?

म्हणून मी उतारा मुलांच्या हातात उशिरा देते. आधी मी तो गोष्टीसारखा दोनदा सांगते, हातवारे करून, फळ्यावर वेडीवाकडी चित्रं काढून. मुलं एकमेकांत कोरकूत बोलतात, मी बोलू देते. मला थोडीफार कळते, न कळलेलं वसतिगृहातली मोठी मुलगी सांगते. मग करून दाखवतात. कोण वाघ, कोण मासे धरणारा. त्यानंतर छापील मजकूर. तोवर गोष्ट माहीत झालेली असते, त्यामुळे डोळ्यांना फक्त अक्षरांशी झगडायचं असतं. तपासायला साहेब आले की म्हणतात, इंग्रजीच्या तासाला हे काय नाटक चाललंय. चाललंय खरं.

—

आकडेमोड्या

थोडे आकडे टाकतो. 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीच्या २०२३ च्या अहवालात १४ ते १८ वयाची ग्रामीण मुलं होती, २६ राज्यांतले २८ जिल्हे. त्यात इंग्रजी वाक्यं वाचू शकणारी ५७.३ टक्के. जी वाचू शकली त्यांच्यापैकी अर्थ सांगू शकलेली ७३.५ टक्के. गुणाकार केला तर एकूण मुलांपैकी साधारण ४२ टक्क्यांना वाचूनही आलं आणि समजलंही. वाचणाऱ्यांतल्या दर चौघांत एकाला अर्थ सांगता आला नाही. धाग्याचा विषय त्या चौथ्याचा आहे, पण सिपनाताई म्हणतात ती मुलं आधीच्या ४३ टक्क्यांत आहेत. दोघांना एकच औषध चालणार नाही.

—

निवृत्त_हेडसर

सर्वांचे विचार वाचले. आमच्या काळी पाचवीपासून इंग्रजी होते, तरी मुले शेक्सपिअरपर्यंत जात, असे मी म्हणणार नाही, कारण जाणारी दोनच असत. परंतु एक गोष्ट तुम्ही सर्वजण विसरत आहात. वाक्यरचना! गप्पा मारून, चित्रे काढून विषय कळेल. वाक्य कळणार नाही.

उदाहरण देतो. "द ओल्ड मॅन वॉज टू टायर्ड टू वॉक होम." सातवीतल्या मुलाला विचारा. तो सांगेल, म्हातारा थकला होता आणि चालत घरी गेला. सगळे शब्द त्याला येतात, आणि अर्थ नेमका उलटा लागतो! 'अनलेस', 'हार्डली', 'ऑल्दो' यांवरून मुले अशी चालत जातात, जणू ते शब्द तिथे नाहीतच. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे आपले मूल शेवटाची वाट पाहते. इंग्रजीत कर्त्याला चिकटून क्रियापद येऊन गेलेले असते, आणि मागे लांबलचक शेपूट. मी मुलांना पेन्सिलने वाक्य तोडायला लावीत असे. कर्ता कोण? त्याने काय केले? येथे रेघ. उरलेले तुकडे एकेक करून जोडा.

आणि प्रकट वाचनाला नावे ठेवू नका. वाक्य कोठे तोडून वाचतो, यावरून मुलाला कळले की नाही हे मला दारातून कळत असे.

—

माळावरची_शाळा

@हेडसर, सर, शेवटच्या परिच्छेदाबद्दल हात जोडतो. 'टू टायर्ड टू'चं उदाहरण उद्याच वर्गात वापरतो.

फक्त एका ठिकाणी वेगळं मत आहे. बरेच शिक्षक ओळीला ओळ मराठी करून सांगतात आणि त्यालाच आकलन म्हणतात. त्यात पोरगं शिक्षकाचं मराठी ऐकतं, इंग्रजी ओळ डोळ्यांखालून जातच नाही. वाक्य तोडायचं ते पोराने, तुम्ही म्हणता तसं, पेन्सिल त्याच्या हातात.

—

चौथा_मजला

पालक आहे, शिक्षक नाही. मुलगा सहावीत, सेमी इंग्रजी. गणितात घसरला म्हणून शिकवणी लावली. एक दिवस त्याचा गृहपाठ घ्यायला बसले. "रीना हॅज थर्टी स्टॅम्प्स. शी हॅज ट्वेल्व्ह मोअर स्टॅम्प्स दॅन मीना. हाऊ मेनी स्टॅम्प्स डझ मीना हॅव?" याने धाडकन ४२ लिहिलं. मी म्हटलं, अरे, रीनाकडे ३० तिकिटं आहेत, मीनापेक्षा १२ जास्त, तर मीनाकडे किती? मान वर न करता म्हणाला, १८. मग वहीकडे बघून, "हे असं विचारलंय होय?"

'मोअर' दिसलं की बेरीज, 'लेफ्ट' दिसलं की वजाबाकी, असं शिकवणीत सांगितलंय म्हणे. अर्धविराम यांच्या युक्तीचाच हा गणिती भाऊ. त्याला गणित येतंय हो, गणिताचं इंग्रजी येत नाही. शिकवणी कशाची लावायला हवी होती, आता तुम्हीच सांगा.

—

कोरडवाहू

+१ चौथा मजला. आमच्याकडेही सेम. विज्ञानाच्या व्याख्या पाठ, पण "गिव्ह रीझन्स" आलं की ब्लँक.

—

जर्सीकर_आई

दुसऱ्या टोकावरून लिहिते. आम्ही पुण्याहून न्यू जर्सीला आलो तेव्हा मुलगा तिसरीत. इथे घरी दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलांची चाचणी होते आणि गरज असेल तर इंग्रजी शिकणारा म्हणून नोंद होते. मग रोज काही वेळ वेगळ्या शिक्षिकेकडे. दर हिवाळ्यात 'विडा' नावाच्या संस्थेची इंग्रजीची परीक्षा: ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं, १ ते ६ च्या पट्टीवर.

बोलणं वर्षाच्या आत झकास झालं. आम्हाला वाटलं संपलं. वाचनाचा आकडा मात्र हलायला तयार नाही. मी वैतागून विचारायला गेले, तर शिक्षिका शांत. म्हणाल्या, हे अपेक्षितच आहे. जिम कमिन्स यांनी दाखवलंय की मैदानावरची बोलाचालीची भाषा साधारण दोन वर्षांत येते, पुस्तकी भाषेत बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. आणि वर म्हणाल्या, घरी इंग्रजी बोलू नका, मराठीतच बोला, मराठी पुस्तकं वाचा, वाचलेल्यावर वाद घाला. निष्कर्ष काढायची सवय एका भाषेत लागली की दुसरीत वेगळी शिकवावी लागत नाही. मी तर इंग्रजी कार्टून लावून द्यायच्या तयारीत होते!

सरांच्या धरणावरून आठवलं. एका उताऱ्यात मुलांनी लेमोनेड स्टँड लावला होता. शब्द दोन्ही येत होते. पण मुलाने विचारलं, "त्यांच्याकडे पैसे नव्हते का? रस्त्यावर सरबत का विकतायत?" इथल्या मुलांना तो उन्हाळ्याचा खेळ वाटतो, त्याला गरिबीची गोष्ट वाटली. पुढचे सगळे प्रश्न त्यामुळे चुकले. इंग्रजीच्या कागदावर हे 'आकलन कच्चं' म्हणून नोंदलं गेलं.

—

आकडेमोड्या

@जर्सीकर_आई, अगदी हाच मुद्दा रेख्ट आणि लेस्ली यांनी १९८८ मध्ये तपासला होता. सातवी-आठवीतली ६४ मुलं, वाचायला बेसबॉलच्या सामन्यातला एक तुकडा. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. आपल्याकडे कबड्डीचा उतारा देऊन बघा कोणीतरी. बोनस आणि सुपर टॅकल माहीत असलेलं शेवटच्या बाकावरचं पोर वर्गातल्या पहिल्या नंबराला गारद करेल.

म्हणून 'आकलनाचं कौशल्य' नावाची एक गोष्ट पोराकडे असते किंवा नसते, हे मला पटत नाही. कशाबद्दलचं आकलन, हे आधी विचारा.

—

ओसरी

सगळं पटलं. आता माझी अडचण. नववी ब, ६२ पोरं, ३५ मिनिटांचा तास, त्यात हजेरी. प्रत्येकाला "कोणत्या शब्दावरून?" कधी विचारू? कृपया व्यवहार्य सांगा.

—

माळावरची_शाळा

@ओसरी मॅडम, प्रत्येकाला तुम्ही नका विचारू, पोरांना एकमेकांना विचारू द्या.

पॅलिन्सार आणि ब्राउन या दोघींनी १९८४ मध्ये एक पद्धत मांडली. त्यात चार कामं: पुढे काय येईल याचा अंदाज बांधणं, प्रश्न काढणं, अडलेलं सोडवणं, थोडक्यात सांगणं. आधी शिक्षक करून दाखवतात, मग हळूहळू मुलं शिक्षकाच्या जागी येतात. मी ती आपल्या बाकांवर बसवली. पुढच्या बाकाने मागे वळायचं, चौघांचा गट तयार. दोनच परिच्छेदांचा मजकूर. पहिल्या परिच्छेदानंतर थांबायचं आणि चौघांनी आपापलं काम करायचं, दुसऱ्या परिच्छेदाला कामं बदलायची.

पण एक सांगतो, थेट गटात सोडू नका. सुरुवातीचे काही तास मी फळ्यापाशी उभा राहून मोठ्याने विचार करत वाचलं. "इथे 'इट' म्हणजे कोण रे? वरच्या ओळीत नदी पण आहे आणि होडी पण आहे. पुढे 'सँक' आलंय. नदी कशी बुडेल? म्हणजे होडी." पोरांना वाटतं सरांना वाचलं की आपोआप कळतं. सर पण मागे जातात, अडतात, हे त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. या भागावर वेळ घालवा, बाकी सगळं यावर उभं आहे.

गंमत म्हणजे सगळ्यांना 'अडलेलं' हे काम हवं असतं. त्यात "मला हे कळलं नाही" म्हणायची अधिकृत परवानगी आहे ना! सगळ्यात अवघड जातं 'थोडक्यात'. पोरं अख्खा परिच्छेद परत सांगतात. त्यावर मी अट घातली, बोटांवर मोजून दहा शब्द. आधी मराठीत दहा, मग इंग्रजीत दहा. सारांशाचे ५ गुण त्यातूनच निघतात, @अर्धविराम यांनी नोंद घ्यावी.

गोंगाट होतो. शेजारच्या वर्गाची तक्रार येते. आठवड्यातून एकच तास असा घ्या, बाकी नेहमीचे.

—

चिंचगुळ

पण सर, मजकूर कुठला द्यायचा? माझ्या भाच्याला आठवीचं पुस्तक काढलं की प्रत्येक ओळीत तीन शब्द अडतात. चार कामं काय, एकही होत नाही.

—

माळावरची_शाळा

मग तो मजकूर त्याच्यासाठी नाहीच. हू आणि नेशन यांचा २००० सालचा अभ्यास आहे. कोणाच्या मदतीशिवाय नीट समजायला मजकुरातले ९८ टक्के शब्द माहीत असावे लागतात. म्हणजे शंभरात दोन अडले तर चालेल. ओळीत तीन अडत असतील तर ते वाचन नव्हे, शब्दकोशाची हमाली.

आठवीच्या पोराला पाचवीचं पुस्तक द्या. लाज वाटते म्हणून नुसती पानं द्या, मुखपृष्ठ नको. ई-बालभारतीवर सगळ्या इयत्तांच्या पीडीएफ फुकट आहेत. प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' २०१५ पासून आहे, तिथे गोष्टींना पातळ्या दिल्यात आणि बऱ्याच गोष्टी मराठीतही आहेत, इंग्रजीतही. आधी मराठी वाचायची, दोन दिवसांनी तीच इंग्रजीत. गोष्ट माहीत असल्यामुळे अनोळखी शब्दाचा अर्थ पोरं स्वतः लावतात. सिपनाताई गोष्ट आधी सांगतात, त्यामागचं तत्त्व हेच.

—

सिपना_काठ

हो, पण नेटवर्क असेल तर. आमच्याकडे मी तालुक्याला गेले की डाउनलोड करून आणते. अवांतर: स्टोरीवीव्हरवर आदिवासी भाषांतल्या गोष्टीही आहेत, शोधून पाहा.

—

निवृत्त_हेडसर

शब्दांच्या टक्केवारीबद्दल. शब्द माहीत असणे म्हणजे काय, हेही ठरवा. मुलाला 'रन' माहीत असतो. "शी रन्स अ स्मॉल हॉटेल" आले की बाई हॉटेलात पळू लागते.

—

चौथा_मजला

हेडसर, हसून हसून पुरेवाट!

—

अर्धविराम

दहा शब्दांची अट बॅचला लावून पाहिली. सारांश खरंच आटोपशीर आले, मान्य. पण तुमच्या गटांच्या तासाबद्दल माझं मत तेच. दहावीत मी ते करणार नाही. पालक फी परत मागतील. आठवीच्या सुट्टीतल्या बॅचला करून बघीन, तिथे परीक्षेचं भूत नसतं. आणि पाठ केलेल्या चार वाक्यांचं म्हणाल, तर तपासणाऱ्यांनी त्याला गुण देणं थांबवावं, मी दुसऱ्या दिवसापासून शिकवणं थांबवतो.

—

ओसरी

तपासनीस म्हणून सांगते, एका बैठकीत इतके गठ्ठे असतात की पाठ केलेलं वाक्य ओळखू आलं तरी गुण कापायला कारण लिहायला वेळ नसतो. हा वेगळा धागा होईल.

—

चौथा_मजला

माझा प्रश्न राहिला. सेमीच्या पोरासाठी घरी काय करू? मला स्वतःला विज्ञान मराठीतून झालंय.

—

माळावरची_शाळा

ताई, तेच तुमचं भांडवल. बालभारतीचं विज्ञानाचं मराठी आणि इंग्रजी पुस्तक एकाच आराखड्यावर आहे, तेच धडे, त्याच आकृत्या. शाळेत धडा सुरू व्हायच्या आदल्या रात्री मराठी धडा दोघांनी मिळून वाचा, आकृतीवर बोलून घ्या. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याला फक्त इंग्रजी शब्द पकडायचे राहतील. गणिताच्या शाब्दिक उदाहरणाला, आकडा हातात घ्यायच्या आधी "कोणाकडे जास्त आहे?" एवढंच बोलून दाखवायला सांगा. उत्तर नंतर.

—

चौथा_मजला

करते. प्रकाशाचा धडा पुढच्या आठवड्यात सुरू होतोय, त्यापासूनच सुरू करते. काय झालं ते इथेच कळवते.